स्ट्रक्चरल बायॉलॉजीचं सॉफ्टवेअर लिहायचं असेल, तर आधी एक रचना स्वतः सोडवा

प्रश्न असा आहे: बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. होत आली आहे, पायथनवर हात बसला आहे, सी++ कामापुरतं येतं. प्रथिनांच्या त्रिमितीय रचना ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिण्यात करिअर होईल का? त्यासाठी पीएच.डी. लागतेच का? आणि अनुक्रमावरून प्रथिनाची रचना भाकीत करणारं अल्फाफोल्ड आल्यावर इथं काम उरलंय का?

थोडक्यात उत्तर: काम भरपूर आहे, ते नीट करू शकणारी माणसं कमी आहेत, आणि कायमच्या जागा त्याहूनही कमी आहेत. पीएच.डी. कोड लिहायला लागत नाही, पण काही दारं तिच्याशिवाय उघडत नाहीत. अल्फाफोल्डनं काम संपवलं नाही, त्याची जागा बदलली. आता सविस्तर.

जगभरच्या प्रयोगशाळा रोज वापरतात ती सॉफ्टवेअर बहुतेक छोट्या गटांनी लिहिलेली आणि सांभाळलेली आहेत. ब्रिटनमधला सीसीपी४ हा स्फटिकशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प १९७९ पासून चालू आहे. अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेभोवती फीनिक्स हा तसाच संच उभा राहिला. घनता-नकाशात (प्रथिनात कुठं किती पदार्थ आहे ते दाखवणाऱ्या नकाशात) अणू बसवायला वापरतात ते कूट मुख्यतः पॉल एम्सली यांचं. क्रायो-ईएममधलं (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं चित्रं घेण्याची पद्धत) रिलायन शॉर्स स्खेरेस यांच्या गटातून २०१२ मध्ये आलं. जॉर्ज शेल्ड्रिक यांचं स्फटिकरचना सोडवणारं शेलएक्स तर कित्येक दशकं जवळजवळ एकट्याच्या बळावर चाललं. अशा गटात अल्गोरिदम लिहिणारा, टेस्ट लिहिणारा, विंडोजवर इन्स्टॉलर का अडकतो ते शोधणारा आणि वापरकर्त्यांच्या ईमेलना उत्तर देणारा माणूस बहुधा एकच असतो. हे सगळं करायची तयारी असेल तरच या वाटेला लागा. फक्त अल्गोरिदममध्ये रस असेल, तर उपयोजित गणिताच्या विभागात जास्त समाधान मिळेल.

पहिलं काम कोडचं नाही. कच्च्या डेटापासून शेवटपर्यंत एक रचना स्वतः सोडवा. स्फटिकशास्त्रासाठी (स्फटिकावर एक्स-रे टाकून रचना काढण्याची पद्धत) लायसोझाइम या प्रथिनाच्या विवर्तन-प्रतिमा खुल्या उपलब्ध आहेत. त्या डायल्स या प्रोग्रॅममध्ये घ्या: ठिपके शोधणं, इंडेक्सिंग, रिफाइनमेंट, इंटिग्रेशन, सिमेट्री, स्केलिंग. मग फेझरनं मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (सारख्या प्रथिनाच्या मॉडेलवरून सुरुवात), रेफमॅकनं रिफाइनमेंट (मॉडेल डेटाशी जुळवत नेणं), कूटमध्ये हातानं दुरुस्ती, शेवटी व्हॅलिडेशन. क्रायो-ईएमसाठी रिलायनच्या ट्युटोरियलमधला बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा डेटा घ्या. त्यात फक्त २४ मूव्ही आहेत आणि एका बऱ्या जीपीयूवर तो चालतो.

हे करताना शेवटच्या आकड्यापेक्षा आपण कुठं अडखळतो ते लिहून ठेवा. लायसोझाइमचा नेहमीचा स्पेस ग्रुप (स्फटिकातल्या सममितीचा प्रकार) पी ४३ २१ २. त्याची आरशातली जोडी पी ४१ २१ २. नुसत्या ठिपक्यांच्या तीव्रतांवरून या दोघांतला कुठला ते कळत नाही, म्हणून फेझरला दोन्ही तपासायला सांगावं लागतं. ही गोष्ट माहीत नसलेला प्रोग्रॅमर ‘स्पेस ग्रुप आपोआप ओळखला’ असा संदेश दाखवेल आणि वापरकर्ता आठवडाभर चुकीच्या वाटेवर जाईल.

याहून घातक गोष्ट म्हणजे फ्री-आरचे झेंडे (फ्लॅग), म्हणजे कुठली परावर्तनं (मोजलेले ठिपके) तपासणीसाठी राखली ते सांगणारे आकडे. १९९२ मध्ये ब्रुंगर यांनी सुचवल्याप्रमाणे साधारण ५ टक्के परावर्तनं रिफाइनमेंटपासून बाजूला ठेवतात आणि मॉडेल डेटातल्या गोंगाटाशीही जुळवलं गेलंय का (ओव्हरफिटिंग) ते त्यांच्यावर तपासतात. सीसीपी४च्या पद्धतीत झेंडे ० ते १९ असतात आणि बाजूला ठेवलेला गट ० असतो. फीनिक्सच्या पद्धतीत तो १ असतो, शेलएक्समध्ये उणे १. तुमच्या कोडनं फाइल वाचताना हा अर्थ उलटा लावला, तर रिफाइनमेंट ५ टक्क्यांवर होईल आणि तपासणी ९५ टक्क्यांवर. प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त आकडे विचित्र येतात. म्हणून वाचणाऱ्या फंक्शननं प्रत्येक किमतीची परावर्तनं मोजावीत आणि बाजूला ठेवलेला गट निम्म्याहून मोठा दिसला तर तिथंच थांबावं. शिवाय एकदा ठरलेले झेंडे पुढच्या प्रत्येक पायरीत जसेच्या तसे गेले पाहिजेत. मध्येच नवे काढले, की आधी रिफाइनमेंटमध्ये वापरलेली परावर्तनं तपासणीत येतात आणि फ्री-आरला अर्थ उरत नाही.

गणितात फूरिये रूपांतर, लीस्ट स्क्वेअर्स, मॅक्सिमम लाइकलिहुड, फिरवण्याची मॅट्रिक्स आणि सममितीचे गट एवढं पक्कं हवं. ते वाचून येत नाही, म्हणून एक गृहपाठ सुचवतो. क्रॅम्बिन हे ४६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन घ्या. पीडीबी या रचनांच्या खुल्या संग्रहातली त्याची १ईजेजी ही फाइल उतरवा आणि अणूंच्या स्थानांवरून स्ट्रक्चर फॅक्टर (प्रत्येक परावर्तनाचा आकार आणि फेज) मोजा. आधी साध्या बेरजेनं: प्रत्येक परावर्तनासाठी प्रत्येक अणूचा स्कॅटरिंग फॅक्टर, गुणिले ऑक्युपन्सी (तो अणू त्या जागी किती प्रमाणात आहे), गुणिले ई चा उणे बी भागिले चार डी-वर्ग हा घात (बी म्हणजे बी-फॅक्टर, अणू किती विस्कटलेला आहे त्याचं माप; डी म्हणजे त्या परावर्तनाचं रिझोल्यूशन, म्हणजे बारकावा), गुणिले फेज. मग तेच उत्तर दुसऱ्या वाटेनं काढा: अणूंची घनता जाळीवर पसरवा आणि एफएफटी करा. जाळीतलं अंतर रिझोल्यूशनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं घ्या, म्हणजे २ अँगस्ट्रॉमला सुमारे ०.६७. दोन्ही उत्तरं एकमेकांशी आणि जेमी या लायब्ररीच्या ‘एसएफकॅल्क’शी ताडून पाहा.

पहिल्या झटक्यात ती जुळणार नाहीत, आणि खरं शिक्षण तिथं सुरू होतं. क्रॅम्बिनच्या अणूंचे बी-फॅक्टर फार लहान आहेत, त्यामुळं घनता टोकदार होते आणि जाळीच्या बिंदूंमधून निसटते. उपाय असा: सगळ्या अणूंना थोडा जादा बी देऊन घनता पसरवायची आणि एफएफटीनंतर तेवढाच परिणाम भागून काढायचा. दुसरी अडचण चिन्हाची. नमपायची पुढची एफएफटी घातांकात उणे चिन्ह घेते, स्फटिकशास्त्रातली स्ट्रक्चर फॅक्टरची व्याख्या अधिक चिन्ह घेते. हे विसरलात तर फेजचं चिन्ह उलटं होतं. तुमच्याच कोडमध्ये जाणं-येणं केलंत तर सगळं छान दिसतं. पण दुसऱ्या प्रोग्रॅमला फेज दिल्या, की नकाशा उलटा येतो आणि अल्फा हेलिक्स डावखुऱ्या दिसतात.

क्रॅम्बिन दोन चुका लपवतं, हेही ध्यानात ठेवा. त्याच्या युनिट सेलचा बीटा कोन ९० अंशांच्या अगदी जवळ आहे, म्हणून फ्रॅक्शनल मॅट्रिक्स चुकून ट्रान्सपोज झाली तरी फरक जाणवत नाही. आणि त्याच्या पी २१ या स्पेस ग्रुपमध्ये विशेष स्थानं नाहीत, म्हणून सममितीच्या अक्षावर बसलेला अणू दोनदा मोजला जाण्याची चूक दिसतच नाही. तेव्हा तीन तरी स्फटिक घ्या: हे, एक ट्रायक्लिनिक (ज्याच्या सेलचे कोन ९० अंशांचे नसतात), आणि एक ज्यात धातूचा आयन किंवा पाणी अक्षावर बसलंय असं.

आता फाइलींकडे वळू, कारण या व्यवसायातला बराच वेळ तिथं जातो आणि ते कुणी आधी सांगत नाही. ८० स्तंभांची जुनी पीडीबी फाइल अजून सगळीकडे फिरते, पण तिच्यात अणूच्या क्रमांकाला पाच जागा आणि साखळीच्या नावाला एकच अक्षर आहे. एचआयव्हीच्या कॅप्सिडची ३जे३क्यू ही नोंद २४ लाखांहून जास्त अणूंची आणि १,३५६ साखळ्यांची आहे. ती त्या साच्यात मावणंच शक्य नाही. २०१९ पासून स्फटिकशास्त्राच्या रचना जमा करायला एमएमसिफ हा नवा साचा सक्तीचा झाला. लिगँडचे (प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूंचे) तीन अक्षरी संकेत संपले, त्यामुळं आता पाच अक्षरी येतात आणि स्तंभ मोजून वाचणारा कोड तिथंच कोलमडतो.

एमएमसिफचा पार्सर स्वतः लिहू नका. जेमी किंवा सीसीटीबीएक्स या लायब्ररी वापरा. पण आत काय असतं ते समजून घ्या. साखळीची दोन नावं असतात, ‘लेबल’ आणि ‘ऑथ’. लेखात छापलेला अवशेष-क्रमांक (साखळीतल्या अमिनो आम्लाचा क्रमांक) ‘ऑथ’चा असतो, अनुक्रमाशी जुळणारा ‘लेबल’चा. मिसळले, की वापरकर्ता ‘हिस्टिडीन ५७’ मागतो आणि त्याला भलताच अवशेष मिळतो. क्रमांक ऋण असू शकतात, त्यांच्यामागं इन्सर्शन कोडचं अक्षर असू शकतं. न्यूक्लिक आम्लांतल्या अणूंच्या नावातच अवतरणचिन्ह असतं. वर सांगितलेल्या क्रॅम्बिनमध्ये २२ व्या जागी प्रोलीन आणि सेरीन दोन्ही आहेत, एकाच जागी दोन अवशेष. म्हणजे गृहपाठाची ती फाइल पार्सरच्या परीक्षेलाही उत्तम आहे.

क्रायो-ईएमच्या नकाशाची एमआरसी फाइल दिसायला सोपी: १०२४ बाइटचं हेडर आणि मग आकडे. पण अक्षांचा क्रम हेडरमध्ये लिहिलेला असतो आणि तो एक्स-वाय-झेड असेलच असं नाही. नकाशाची सुरुवात कुठून, हे सांगणारी दोन वेगळी क्षेत्रं आहेत, ‘एनस्टार्ट’ आणि ‘ओरिजिन’. काही प्रोग्रॅम पहिलं पाळतात, काही दुसरं. मॉडेल नकाशापासून लांब हवेत तरंगताना दिसलं, तर पहिला संशय यावर घ्या, दुसरा पिक्सेलच्या आकारावर. मेमरीचा हिशोबही आधी करा. ५१२ घन आकाराचा नकाशा ३२-बिट अंकांत ५१२ मेगाबाइट घेतो. २५६ बाय २५६ पिक्सेलच्या, प्रथिनाच्या एकेका कणाच्या ३ लाख प्रतिमा सुमारे ७९ गिगाबाइट होतात. सगळं एकदम मेमरीत ओढणारा कोड तुमच्या छोट्या चाचणीत पळेल आणि खऱ्या डेटावर पहिल्याच दिवशी मरेल.

एवढा बारकाईचा आग्रह का, याचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. एमएसबीए या जिवाणूतल्या वाहक प्रथिनाची रचना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, रिझोल्यूशन ४.५ अँगस्ट्रॉम. डेटा हाताळणाऱ्या एका घरगुती प्रोग्रॅमनं दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्यामुळं अनॉमलस फरकांचं (ज्यांवरून रचनेचा हात ठरतो त्या तीव्रतांमधल्या बारीक फरकांचं) चिन्ह उलटलं आणि रचना उलट्या हाताची, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखी निघाली. इतक्या कमी रिझोल्यूशनला हेलिक्सचा हात डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही, म्हणून नकाशाकडं पाहून कुणाच्या ध्यानात आलं नाही. २००६ मध्ये झुरिकहून त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना आली, ती जुळेना, आणि मग पाच शोधनिबंध मागं घ्यावे लागले. मधल्या काळात त्या रचनेवर विसंबून इतरांनी प्रयोग केले होते. प्रोग्रॅम क्रॅश झाला असता तर एवढं नुकसान झालंच नसतं.

म्हणून टेस्ट लिहिताना ‘चालतो का’ एवढंच विचारू नका. उत्तर आधी माहीत असलेला कृत्रिम डेटा तयार करा आणि तो पूर्ण साखळीतून फिरवा: हात बरोबर आला का, चिन्ह टिकलं का, मूळबिंदू सरकला का. प्रत्येक सुधारलेल्या बगची मूळ फाइल टेस्टमध्ये कायमची ठेवा, वापरकर्त्याची परवानगी घेऊन, कारण अप्रकाशित डेटा त्याचा असतो. जीपीयूवर बेरजेचा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळं शेवटच्या अंकापर्यंत तेच उत्तर मिळणार नाही. तिथं आकडा तंतोतंत जुळवण्याऐवजी सहनमर्यादा ठरवा, पण ती का तेवढीच हे शेजारी लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी टेस्ट लाल झाली की कुणीतरी मर्यादा वाढवून मोकळं होईल.

व्हॅलिडेशनबद्दल एक मत ठामपणे मांडतो. मद्रासमध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मांडलेला, प्रथिनाच्या मुख्य साखळीतल्या कोनांचा आलेख आजही प्रत्येक रचनेच्या अहवालात असतो. त्याची ताकद अशी, की रिफाइनमेंट त्या कोनांना सहसा हात लावत नसे, त्यामुळं तो स्वतंत्र साक्षीदार होता. कमी रिझोल्यूशनला तेच कोन रिफाइनमेंटमध्ये बंधन म्हणून घातले, की अवशेष ढकलून मान्य भागात बसवले जातात, आकडा सुंदर येतो आणि साक्ष निकामी होते. बंधनं वापरणं चूक नाही. पण तुमच्या प्रोग्रॅमनं ती वापरली असतील, तर अहवालात तसं स्पष्ट छापलं पाहिजे, आणि सोबत रामा-झेडसारखं त्या कोनांचं एकूण वितरण तपासणारं माप दिलं पाहिजे. वापरकर्त्याला हिरवा दिवा दाखवण्याचा मोह इथं आवरावा लागतो.

भाषांचं म्हणाल तर गाभा सी++मध्ये आणि वरचं आवरण पायथनमध्ये, हा साचा आता रूढ आहे. जोडायला पायबाइंड११ किंवा नॅनोबाइंड. फोरट्रान वाचता आलं पाहिजे, लिहिण्याची गरज क्वचितच पडेल. जीपीयूसाठी कुडा, आणि मशीन लर्निंगच्या कामासाठी पायटॉर्च. वितरणाकडं दुर्लक्ष करू नका. संस्थांच्या क्लस्टरवर जुनी लिनक्स वर्षानुवर्षं टिकते, म्हणून ग्लिबसी २.१७ वर चालणारे मेनीलिनक्स२०१४ व्हील लोक अजून मागतात. इन्स्टॉल न होणारा उत्तम अल्गोरिदम कुणी वापरत नाही.

अल्फाफोल्डकडं येऊ. २०२१ मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि स्फटिकशास्त्रातला फेजचा प्रश्न (प्रयोगात तीव्रता मोजता येते, फेज नाही) बहुतेक प्रथिनांसाठी सोपा झाला, कारण मॉलिक्युलर रिप्लेसमेंटला चांगलं मॉडेल मिळू लागलं. पण भाकीत केलेलं मॉडेल जसंच्या तसं देऊन चालत नाही. त्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या स्तंभात पीएलडीडीटी हा विश्वासाचा गुण असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त भरवसा. बी-फॅक्टरचा अर्थ नेमका उलटा, मोठा आकडा म्हणजे अणू जास्त विस्कटलेला. रूपांतर न करता फाइल पुढं दिली, तर सगळ्यात भरवशाच्या भागाला सगळ्यात कमी वजन मिळतं. म्हणून ७० खालचे भाग कापणं, गुणाचं बी-फॅक्टरमध्ये रूपांतर करणं आणि लवचीक जोडांपाशी डोमेन वेगळे करणं ही पूर्वतयारी लागते. यासाठी नवी साधनं लिहिली गेली, आणि ती लिहिणारे याच क्षेत्रातले लोक होते. पुढची कामं याच धर्तीची आहेत: क्रायो-ईएममधली हलणारी, अनेक रूपांतली प्रथिनं, पेशीतली टोमोग्राफी (अनेक कोनांतून त्रिमितीय चित्रण), औषधासाठी शेकडो स्फटिकांवरचं फ्रॅगमेंट स्क्रीनिंग (कुठले छोटे रेणू चिकटतात ते पाहणं), एक्स-रे लेझरवरचा प्रचंड वेगानं येणारा डेटा.

आता नोकरीचं. पद्धती विकसित करणारा स्वतंत्र गट चालवायचा असेल, तर पीएच.डी. आणि पोस्टडॉक टळत नाही. तुम्हाला त्या गटात राहून सॉफ्टवेअर लिहायचं असेल, तर ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पद पाहा. हे नाव ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास पुढं आलं आणि आता तिथल्या विद्यापीठांत व सिंक्रोट्रॉन या तीव्र एक्स-रे देणाऱ्या केंद्रांमध्ये रुळलं आहे. तिथं एम.एस्सी. आणि दाखवण्याजोगा कोड चालू शकतो. दोन्हीकडं खरी अडचण पैशाची: अनुदान तीन ते पाच वर्षांचं, सॉफ्टवेअरचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं. मुलाखतीत निःसंकोच विचारा, की हा पगार कुठल्या अनुदानातून येतो, ते कधी संपतं, आणि नंतर कोड कोण सांभाळणार.

श्रेयाची सोय स्वतः करावी लागते. लोक प्रोग्रॅम वापरतात आणि उल्लेख करायचा विसरतात. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला एक छोटा शोधनिबंध लिहा आणि प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये ‘हा उल्लेख करा’ अशी ओळ छापा. शेल्ड्रिक यांच्या २००८ च्या शेलएक्सवरील लेखाला इतके उल्लेख मिळाले, की ज्या नियतकालिकात तो आला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ मध्ये ४९ च्या वर गेला. तो लेख नसता तर तेच काम कुठल्याच मोजमापात दिसलं नसतं.

भारतात फक्त अशा सॉफ्टवेअरसाठीची जागा क्वचित निघते. त्यामुळं एखाद्या रचना-प्रयोगशाळेत प्रकल्पावर शिरणं हा जास्त व्यवहार्य मार्ग आहे. पुण्यात आयसर, एनसीसीएस आणि सीडॅक, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी, बंगळुरूत आयआयएससी आणि राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा असलेलं एनसीबीएसचं आवार, इंदूरला आरआरकॅटच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवरची प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन. जिथं डेटा तयार होतो तिथं बसा. कंपन्यांत श्रोडिंगरची हैदराबाद आणि बंगळुरूला कार्यालयं आहेत. रचना पाहायचा प्रोग्रॅम पायमॉल २०१० पासून त्यांच्याकडंच आहे. तिथला पगार आणि स्थैर्य बरं, पण लिहिलेला कोड बहुतांशी बंद राहतो.

अर्ज करण्याआधी एखाद्या चालू प्रकल्पात सहा महिने काम करून दाखवा. नवा व्ह्यूअर लिहू नका, ते भरपूर आहेत. जेमी, सीसीटीबीएक्स, डायल्स किंवा रिलायन यांपैकी एक निवडा, स्रोतापासून स्वतः कंपाइल करा आणि उघड्या तक्रारींतली एक अशी शोधा जी तुमच्या मशीनवर पुन्हा घडवता येते. ती घडवणारी लहानात लहान फाइल, अपयशी होणारी टेस्ट आणि मग दुरुस्ती, या क्रमानं पाठवा. दुरुस्ती जमली नाही तरी पहिल्या दोन गोष्टी सांभाळणाऱ्या माणसाचे काही तास वाचवतात, आणि तोच माणूस पुढं तुमचं शिफारसपत्र लिहू शकतो. पाठवण्याआधी परवाना वाचा: कूट आणि रिलायन जीपीएलखाली आहेत, जेमी एमपीएलखाली, सीसीटीबीएक्स बीएसडी धाटणीचं. जीपीएलमधला तुकडा उचलून बीएसडीच्या कोडमध्ये टाकता येत नाही. आणि नोकरीत असाल, तर रिकाम्या वेळेत लिहिलेल्या कोडवर संस्थेचा हक्क लागतो का, ते नेमणूकपत्रात पाहून लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा.